केस सरळ करणारे हात

"हिला नको. हिच्या हातांना काहीतरी झालंय."

बाई आरशात बघून बोलल्या. माझ्याकडे बघून नाही. मी त्यांच्या मागे उभी, बोटांत त्यांच्या केसांची बट. मुलुंडचं पार्लर, शनिवारची दुपार, सगळ्या खुर्च्या भरलेल्या. पार्लरच्या मॅडम धावत आल्या. बट माझ्या बोटांतून सोडवून घेतली, बाईंना सॉरी म्हणाल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "आत जा."

आत म्हणजे टॉवेल धुवायची जागा. मधे पडदा. बाहेरचं सगळं ऐकू येतं. बाई विचारत होत्या, पसरणारं तर नाही ना. मॅडम सांगत होत्या, नाही हो, नवीन मुलगी आहे, घरी भांडी घासून झालं असेल.

मी नवीन नव्हते. सहा वर्षं झाली होती. मुलगी तर अजिबात नव्हते.

मला काहीच वाटलं नाही. राग नाही, रडू नाही. टॉवेल पिळले, वाळत घातले. जेवणाचा डबा उघडला, खाल्ला. भाजी कसली होती ते आठवत नाही.

माझे बाबा कोकणातून गिरणीत आलेले. गाव का सोडलं विचारलं की एवढंच सांगायचे, तिथे आम्हाला पाणी वरून ओंजळीत ओतायचे, भांड्याला हात लागू नये म्हणून. त्या दिवशी नाहूरला घरी गेले तेव्हा ते खुर्चीत बसले होते. मी त्यांना काही सांगितलं नाही. आईने हात बघितले. म्हणाली, खोबरेल लाव गो. लावलं.

पार्लरमध्ये केस सरळ करायचं काम माझंच. आधी क्रीम लावायचं, वाळवायचं, मग गरम इस्त्री फिरवायची. इस्त्री लागली की धूर. डोळ्यांत जायचा, घशात खवखवायचा. गिऱ्हाइकाला मास्क, समोर छोटा पंखा. आम्हाला काही नाही. एसीमुळे खिडक्या कायम बंद. हातमोजे मागितले तर मॅडम म्हणाल्या, केसांत रबर फिरलेलं बायकांना आवडत नाही. मग भेगा पडल्या, सालं निघाली, बोटांची टोकं मेली. गरम चहाचा ग्लास कळेना.

बाईंनी नाकारल्यावर मॅडमनीच सांगितलं, हात दाखवून ये, नाहीतर येऊ नकोस. महापालिकेच्या दवाखान्यात गेले. तिथली डॉक्टर माझ्याहून लहान. काय वापरता ते आणा म्हणाली. दुसऱ्या वेळी रिकामी बाटली नेली. पुढे मोठ्या हिरव्या अक्षरांत हर्बल लिहिलेलं, पानाचं चित्र. तिने झाकण काढलं, वास घेतला आणि मान मागे केली.

"कॉलेजात आम्ही प्रेतं कापून शिकलो ना, तिथे हाच वास होता. फॉर्मॅलिन. प्रेत कुजू नये म्हणून घालतात."

मग बाटली उलटी करून बारीक इंग्रजी अक्षरांतलं एक नाव पेनाने अधोरेखित केलं. गरम झालं की याचाच धूर होतो म्हणाली. हाताला भेगा यानेच. वर्षानुवर्षं छातीत गेलं तर कॅन्सरचा धोका. मी ऐकलं. तेव्हाही काही वाटलं नाही. मलमाची चिठ्ठी घेतली, बाहेर बाकावर बसले. खूप वेळ बसले. मग एकच गोष्ट लख्ख कळली. ज्या क्रीमने माझे हात खाल्ले, तेच मी सहा वर्षं बायकांच्या डोक्याला चोळत होते. हर्बल आहे असं तोंडाने सांगत होते.

महिनाभर मलम लावलं. हात थोडे बरे दिसायला लागले. मॅडमनी परत कामावर उभं केलं. तीच बाई आली. सोबत तिची मुलगी, नववी-दहावीतली, सुंदर कुरळे केस. घरात लग्न होतं, केस सरळ हवे होते. बाईंनी मला ओळखलं नाही. मी क्रीमची बाटली उघडली तशी मुलीने नाक दाबलं. विचारलं, "दीदी, हे सेफ आहे ना?"

मॅडम पलीकडून म्हणाल्या, "सांग तिला, हर्बल आहे."

गप्प बसता आलं असतं. खोटं नाही सांगत, करू दे हिला, असंही मनात आलं होतं. त्या बाईचीच मुलगी होती. पण पोरगी माझ्याकडे बघत होती. आरशात नाही, मान वळवून, माझ्याकडे.

मी म्हटलं, "नाही. यात फॉर्मॅलिन आहे. माझे हात यानेच गेले. तू करू नकोस."

मुलगी खुर्चीतून उठली. तिची आई म्हणाली, "तुला कुणी विचारलं?" आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. मॅडमनी बाटली माझ्याकडून काढून सुनीताला दिली. सुनीता माझ्यासोबतच लागलेली, दोन पोरांची आई. तिने माझ्याकडे बघितलं नाही. क्रीम काढलं, लावायला लागली. मी माझी पिशवी उचलली. दारापर्यंत गेले तोवर मागे धूर सुरू झाला होता. मुलगी खोकत होती.

मला कुणी थांबवलं नाही.

त्यानंतर भांडुपला दोन पार्लरमध्ये काम विचारलं. दोघांनाही मी म्हटलं, आधी बाटलीची मागची बाजू दाखवा. दोघांनीही नको म्हटलं. डॉक्टरने अधोरेखित केलेलं नाव मी वहीत लिहून पाठ केलंय, त्याची दुसरी नावंही. सुनीताला घरी बोलावून ती दाखवली. ती म्हणाली, मला माहीत नको होतं. मी म्हटलं, आता झालं माहीत.

काम शोधतेच आहे. ज्या खुर्चीमागे उभी राहीन, तिथे बसलेल्या बाईला डोक्यावर काय पडतंय ते मी सांगणार. तिने विचारलं तर सांगणार. नाही विचारलं तरी सांगणार.