सीटखालचा आवाज

माझ्या मोटरसायकलवर आधी हँडलला बांधलेले दोन लहान स्पीकर होते. वेग घेतला की गाणं वाऱ्यात विरून जायचं आणि नुसती खरखर उरायची. हेब्बाळच्या कारखान्यातून हिनकलच्या पुढे घरापर्यंतचा रस्ता, दिवसातला तेवढाच वेळ माझा स्वतःचा. म्हणून चांगली सिस्टीम बसवायचं ठरवलं. स्पीकर नवे घेतले. ॲम्प्लिफायर मात्र मंडी मोहल्ल्यात जुन्या सामानाच्या दुकानात मिळाला.

"गाडीवरचाच आहे," दुकानदार म्हणाला. "गाडी मोडीत गेली, हा राहिला."

तो सीटखाली बसवून घेतला, पेनड्राइव्हमध्ये आवडीची गाणी भरली. आवाज असा घुमायचा की टाकीला टेकलेल्या गुडघ्यांना तबला जाणवायचा.

पहिल्याच आठवड्यात, दिवेलागणीला हिनकलच्या आतल्या रस्त्यावरून जाताना गाणं मध्येच तुटलं. टुक असा आवाज झाला आणि माझ्या पायांशी एक पुरुष बोलला, "आई, हिनकलला आलो की. सारू गरम कर." मग गाणं पुन्हा सुरू.

सारू म्हणजे इकडचं पातळ, तिखट सार; ते कळण्याइतकी वर्षं मी म्हैसूरमध्ये काढली होती. दचकलो ते मराठीमुळे. कानडी हेलाची, पण घरात बोलतात तशी मराठी.

दोनेक दिवसांनी पुन्हा तेच. वाक्य तेच, 'की'वरचा जोर तोच, मागे लांबवर वाजलेला बसचा हॉर्नही तोच. माझ्या पुढेमागे तर एकही बस नव्हती.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "कुणाचा तरी फोन जोडला जात असेल."

मलाही तसंच वाटत होतं. पण त्या फोनवरचा माणूस दर वेळी नुकताच हिनकलला पोचलेला कसा, ते काही सुचेना. त्यानंतर ती जागा जवळ आली की माझे खांदे आपोआप आखडायचे.

एका संध्याकाळी आवाज आला त्याच जागी मी गाडी थांबवली. इंजिन चालूच होतं. "आई, हिनकलला आलो की," सीटखालून पुन्हा ऐकू आलं. लगेच शेजारच्या घराचं फाटक उघडलं. एक वयस्क बाई बाहेर आल्या. हात ओले, एका हातात फोन. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्या गाडीकडे पाहत होत्या.

"आज थांबलास होय?" त्या म्हणाल्या.

मी हेल्मेट काढलं. त्या एक पाऊल मागे सरल्या, मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "तुम्ही होय. बन्नी, आत या."

घर कापड रंगवणाऱ्या जुन्या रंगाऱ्यांचं, घरात मराठीच. आता रंगकाम कुणी करत नव्हतं. घरात त्या एकट्याच होत्या. मुलगा कारखान्यात होता. याच रस्त्यावर, घराच्या अलीकडे, त्याच्या गाडीला अपघात झाला, त्यात तो गेला. रोज कामावरून सुटला की हिनकलला पोचल्यावर तो आईच्या फोनवर निरोप ठेवायचा. शेवटचा निरोप त्यांनी जपून ठेवला होता आणि दिवा लावला की त्या तो ऐकायच्या. त्यांचा फोन गाडीच्या सिस्टीमला मुलानेच ब्लूटूथने जोडून दिला होता, मागे बसून भजनं ऐकता यावीत म्हणून.

"मध्येच आवाज माझ्या हातातनं जायचा," त्या सांगत होत्या, "आणि बाहेर रस्त्यावर वाजायचा. फोनवर गाडीचं नाव यायचं. मी पळत फाटकाशी येईतो गाडी पुढं गेलेली. मला ठाऊक आहे तो नाही ते. मी खुळी न्हवे. पण फोन म्हणतो, गाडी आली."

मी म्हणालो, "आजी, ही जोडणी मी आजच पुसून टाकतो."

"बेडा," त्या चटकन म्हणाल्या. "नको. पुसू नका."

मी घरी गेलो, पण ती वस्तू सीटखाली ठेवून फिरणं मला जमेना. ती त्यांचीच होती, त्यांच्याच घरी असावी, असं बायकोलाही वाटलं. रविवारी आम्ही दोघं ॲम्प्लिफायर, एक स्पीकर आणि बॅटरी घेऊन गेलो. पडवीत सगळं जोडून दिलं. त्यांनी निरोप लावला. मुलगा मोठ्या, स्वच्छ आवाजात पडवीभर बोलला.

त्या भिंतीकडे बघत बसल्या. मग उठून त्यांनी स्वतःच बटण बंद केलं.

"हे नको," त्या म्हणाल्या. "घरातनंच बोलतोय. तो रस्त्यावरनं यायचा."

बायकोने वायरी सोडवायला घेतल्या. परत येताना ॲम्प्लिफायर तिच्या मांडीवर होता. दुसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, "बसवलास का परत?"

बसवला. अजूनही मी त्याच रस्त्याने येतो. तिथे वेग कमी करतो, आवाज संपेपर्यंत पुढे पाहतो, फाटकाकडे मान वळवत नाही. एखाद्या दिवशी काहीच वाजत नाही. मग मी टोकापर्यंत जातो, गाडी वळवतो आणि त्या घरासमोरून पुन्हा एकदा सावकाश येतो.