खडू लावून पाहिलेलं चाक

शेलूबाजारच्या हमरस्त्याला गाड्यांची जुनी चाकं विकणारा एक म्हातारा बसतो. आमची भाजीची पिकअप माझ्याहून वयाने मोठी. तिच्या मागच्या चाकाला तडा गेला, म्हणून स्टेपनीवर गाडी त्याच्याकडे नेली. मी चाकाची रंगवलेली, चकचकीत लोखंडी डिस्क उचलली. त्याने ती रॉकेलने भिजवली, पुसली आणि वर खडू घासला. पांढऱ्यावर आत मुरलेल्या रॉकेलची बारीक काळी रेघ उमटली.

"रंगाखाली तडा हाय. गाडीत काय भरता, भाऊ?"

"भाजी."

त्याने मागे डोकावून पाहिलं. "मंग भाजीले बसाले पोते कायले आंथरले?"

भाजी तोडणाऱ्या बाया त्या पोत्यांवर बसून शेतात येतात. मजुरांच्या हक्कांची पत्रकं गावोगाव वाटणारा मी, त्यांच्या खालचं चाक मात्र रंग पाहून निवडत होतो.

त्याने आणखी चार डिस्क हसत हसत नापास केल्या. सहावीवर खडू पांढराच राहिला. ती बसवून, नट आवळून तो स्वतः मागे पोत्यावर जाऊन बसला.

"चाला फाट्यापावतर. मी इकलेलं चाक मी बसून पाह्यतो."

पहिल्याच खड्ड्याला त्याने केबिनवर थाप मारली.

"हळू, भाऊ. मांगं भाजी हाय."