थांबबाईंची एक खूण

माझ्या शेजारच्या वर्गाला शिकवते ना, हिला आमच्या शाळेत पोरं थांबबाई म्हणतात. वाचताना कुणी अडखळलं आणि बाकीचे फिदीफिदी हसले, की हिचं ठरलेलं, "थांब जरा. कुणी मागे लागलंय का तुझ्या?" तिचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यामध्ये एक प्लायवूडची फळी आहे, त्यामुळे मला हवं असो वा नसो, हे दिवसभर कानावर पडतं.

कागदांचं आणि हिचं कधी जमलंच नाही. आता तुम्हीच सांगा, मुलांनी हात धुतले की त्याचा फोटो, फोटो पाठवला की त्याची नोंद, नोंदींचा पुन्हा अहवाल. शिकवायचं कधी, डोंबल? मी आपली तोंडाने शिव्या घालत हाताने रकाने भरते. ही मात्र पहिल्या तासाला फोन कपाटात टाकून कुलूप लावते आणि वाचनात कच्च्या मुलांना घेऊन बसते. तो जादा तास हिने भांडून मिळवलेला आहे.

सहामाही झाली आणि वरून तक्ता आला. ज्याला वाचता येतं त्याच्या नावापुढे खूण करायची. हिने सगळ्यांपुढे केली, एक ड्रायव्हरची मुलगी सोडून. चौथीतली पोर, सुटी अक्षरं ओळखायची, पण जोडाक्षर आलं की गाडी अडायची आणि डोळे भरायचे.

मोठे सर लगबगीने आले. माणूस वाईट नाही, पण वरचा फोन वाजला की त्यांचे हातपाय गळतात. "बाई, एका पोरीपायी अख्खी शाळा मागे दिसतेय. करून टाका ना खूण. कोण येतंय बघायला?"

"कुणी येणार नाही, ते मलाही ठाऊक आहे," ही म्हणाली. "पण सगळ्यांना येतं म्हटलं की जादा तास बंद. मग तिला शिकवणार कोण, तुमचा तक्ता?"

"मग नियमाप्रमाणे तिचा अहवाल द्यावा लागेल. रोज."

"देते."

मी फळीअलीकडे कपाळाला हात लावला. कागद बघून जिच्या अंगावर काटा येतो, तिनेच हे लचांड आपणहून गळ्यात बांधून घेतलं. मधल्या सुट्टीत मी तिला चांगलं झापलं. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"पोरीने वाचलं की त्याच क्षणी खूण करते," ती म्हणाली. "तू डबा खा."

अहवाल ती लिहायची, पण शाळा सुटल्यावर. तासातला वेळ त्याला द्यायचा नाही म्हणजे नाही. साहजिकच दोनचार राहून गेले, आणि एका सकाळी नोटीस आली. सरांनी ती तिच्या टेबलावर ठेवली आणि मान खाली घालून निघून गेले. मला दारातून सगळं दिसत होतं. रागाने माझ्या हातातला खडू मोडला. हिने कागदावर एक नजर टाकली, तो डस्टरखाली सरकवला आणि म्हणाली, "चला, पुस्तकं काढा."

टेबलाला खेटून ड्रायव्हरची मुलगी बसायची. पुस्तकं निघेपर्यंत तिने तो कागद ओढून घेतला असावा, कारण थोड्या वेळाने फळीपलीकडून तिचा आवाज आला.

"आ... प... ल्या... आपल्या... वर. आपल्यावर. का... र... वा... ई. आपल्यावर कारवाई का करू नये."

मी शिकवायची थांबले. पलीकडे कुणीही हसलं नाही.

"बाई, कारवाई म्हणजे काय हो?"

थांबबाईंचा आवाज आला. "ते मग सांगते. तू थांबू नकोस. पुढची ओळ वाच."