कंसातलं नाव

वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत आमच्या कोपऱ्यावर पश्चिमेच्या वाड्यांमधून येणारी एक बाई टोपली मांडून बसते. अळूच्या गड्ड्या, वेलची केळी, कधी सोनचाफ्याचे पुडे, आणि उन्हं तापली की सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुक्या पानात बांधायची, ही वसईची जुनी रीत. काल तिनं एक पुडी सोडून दाखवली आणि तो मधासारखा, किंचित आंबूस वास नाकात शिरला. "घे ना बाय, नवीन हायत," ती म्हणाली. मी काहीतरी पुटपुटले आणि न घेताच पुढं निघून आले. घरी आले ती चपला न काढता तशीच खुर्चीत बसून राहिले.

माझा धंदा सांगितला की लोक हसतात. सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं प्रत्यक्षात काम कशी करतात, कुठं अडतात, अडल्यावर कसा मार्ग काढतात, याचा मी अभ्यास करते. पुस्तकात लिहिलेलं नव्हे आणि त्यांच्या साहेबांना वाटतं तेही नव्हे. शेजारी बसून जे दिसतं ते. "म्हणजे करणारे करतात आणि तू नुसती बघत बसतेस? आणि त्याचा पगार मिळतो?" असं माझ्या सख्ख्या मामानं साताऱ्यात भर पंगतीत विचारलं होतं. हो मामा, बघत बसते. आणि ऐकत बसते. आमच्याकडे एक पद्धत आहे: काम करणाऱ्याला सांगायचं की मनात येईल ते मोठ्यानं बोला, आणि तो आवाज यंत्रात भरून घ्यायचा. मदत करायची नाही, मान डोलवायची नाही, उत्तर समोर दिसत असलं तरी चेहरा मख्ख ठेवायचा. माणूस गप्प झालाच तर आपण दोनच शब्द बोलायचे, "बोलत राहा." ऐकायला सोपं वाटतं, पण स्वतःचं मन असं चारचौघांत उघडं टाकायला भलेभले बिचकतात.

एक गृहस्थ मात्र बिचकले नाहीत. वसई पश्चिमेच्या एका ख्रिस्ती वाडीतले, पन्नाशी उलटलेले, एका विमा कंपनीचं जुनाट सॉफ्टवेअर घरी बसून सांभाळणारे. अंगणात क्रूस, मागं केळीची बाग, आणि पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं टेबल. त्या टेबलाशेजारी मी एक अख्खा हिवाळा जाऊन बसत होते. त्यांची सुरुवात इंग्रजीत व्हायची, अगदी ऑफिसातल्यासारखी, इस्त्री केलेली. काम जरा अवघड झालं की ते मराठीवर यायचे, आणि खरोखर घोडं अडलं की थेट घरच्या बोलीत उतरायचे. ती बोली मला निम्मीच कळायची. आधी वाटलं, झालं, आपला सगळा अभ्यास फुकट गेला. मग लक्षात आलं की हाच तर अभ्यास. माणूस खरा विचार करायला लागला की आईच्या भाषेत जातो, हे मी त्यांच्याकडून शिकले. प्रोग्राममधल्या चुकीला ते चूक म्हणत नसत, पाहुणा म्हणत. "पाहुना गावात आलाय, पन उतरलाय कोनाकडे?" असं म्हणत एकेका भागाचं दार ठोठावायचे. "तुझ्याकडे नाय? मग शेजारी बघू." आणि सापडला की टेबलावर थाप मारून स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोच्या नावानं हाक घालायचे, पाहुणा मिळाला, चहा टाक!

आंटी चहा आणायच्या, सोबत बशीत सुकेळी. पण त्या चहाच्या बऱ्याच आधीपासून दाराच्या चौकटीला टेकून उभ्या असायच्या, हातात ओलं फडकं. मला वाटायचं, यंत्राचं कुतूहल असेल. एकदा मी म्हटलंसुद्धा, "आंटी, आत बसा ना." त्या नुसत्या हसल्या. त्या चहाच्या हाकेपलीकडे त्यांचं आणि नवऱ्याचं माझ्यासमोर बोलणं होत नसे. मीही त्यात काही पाहिलं नाही, कारण मला पाहायचं होतं ते पडद्यावर होतं.

शेवटच्या दिवशी ते म्हणाले होते, "आवाज पुसशील ना गं नक्की? साहेबाला काय काय बोललोय त्यात!" मी शब्द दिला, आवाज पुसेन आणि कुणाचं नावही राहू देणार नाही. तो आमचा नियमच आहे, आणि नियम नसता तरी दिला असता. सगळं उतरवून झाल्यावर मी ते आवाज पुसले, पुन्हा काढता येणार नाहीत असे पुसले. उतरवलेल्या मजकुरातून गाव काढलं, कंपनी काढली, माणसांची नावं काढली. जिथं नाव होतं तिथं चौकोनी कंस आणि कंसात दोन शब्द, 'नाव वगळले'. त्यांचं स्वतःचं नाव जाऊन एक आकडा आला. हे काम मी फार निगुतीनं करते, विद्यार्थ्यांना शिकवते, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमानही होता.

पुढच्याच उन्हाळ्यात ते गेले. जेवून उठले, छातीला हात लावून पायरीवर बसले, आणि संपलं. चर्चमध्ये शवपेटीजवळ उभी होते तेव्हा त्यांचे मिटलेले ओठ बघून माझ्या मनात काय यावं? "बोलत राहा." सवयीनं आलं. मला माझीच शिसारी आली आणि मी बाहेर येऊन उन्हात उभी राहिले.

महिन्याच्या मिस्सानंतर, चर्चमधल्या त्या प्रार्थनेनंतर, त्यांच्या घरी गेले. पाहुणे पांगल्यावर आंटींनी मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"बाय, तुझ्याकडे त्याचा आवाज हाय ना?"

मी काही बोलण्याआधी त्याच सांगत सुटल्या. लग्नाच्या कॅसेटवर सगळा बँडच वाजतोय. फोनवर तो नुसतं लिहून पाठवायचा. पुतण्याच्या वाढदिवसाच्या व्हिडिओत आहे, पण गप्प उभा, केक खातोय. "घरात तो बोलायचाच नाय गं. भांडन नव्हतं, काय नव्हतं. बोलायला काय उरलंच नव्हतं त्याला. तू यायला लागलीस आनि हा दिवसभर बोलतोय! म्हनून मी दारात उभी राहायची. मला कामातलं कळायचं नाय एक अक्षर. पन त्याचा आवाज घरात असायचा."

मी सांगितलं. त्यांनाच शब्द दिला होता, म्हणून आवाज पुसून टाकला. परत नाही का येत, असं त्यांनी विचारलं. नाही येत, म्हटलं. त्या रागावल्या असत्या, रडल्या असत्या, चार शिव्या घातल्या असत्या तरी मी बरी सुटले असते. त्या एवढंच म्हणाल्या, "त्याला शब्द दिलेलास ना. मग बरं केलंस." आणि उशीचा अभ्रा उगाचच सारखा करत राहिल्या.

चार दिवसांनी मी उतरवलेला मजकूर घेऊन पुन्हा गेले. नियमात बसतं का, हे मी कुणालाही विचारलं नाही. आंटी म्हणाल्या, वाच. मी वाचायला लागले. माझ्या सातारी जिभेवर त्यांची बोली धड बसेना. "असं नाय बोलायचा तो," म्हणत आंटी शब्द सुधारून द्यायच्या आणि मी पुन्हा म्हणायचे. एका ठिकाणी मी 'थांबतात' असं लिहिलेलं होतं. तेही मी मूर्खासारखं मोठ्यानं वाचलं. आंटी म्हणाल्या, "मग थांब ना." मी थांबले. बागेतला पंप चालू होता. बराच वेळ गेल्यावर त्यांनी मान हलवली, तेव्हा पुढं वाचलं. तुझ्याकडे नाय? मग शेजारी बघू. हां. हां हां. मिळाला! मिळाला गं पाहुना! आणि पुढं चहाची हाक होती, आणि हाकेच्या जागी माझा कंस होता.

आता तिथं वाचणार काय?

आंटींनी कागदाकडे पाहिलं नाही. खिडकीपाशी ते रिकामं टेबल होतं, तिकडं पाहत त्यांनी स्वतःचं नाव स्वतःच घेतलं. मोठ्यानं, शेवटचा स्वर लांबवून, टेबलावरून स्वयंपाकघरापर्यंत पोचावं तसं. मग हलक्या आवाजात "टाकते" म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. गॅस पेटल्याचा आवाज आला.

आता माझ्या कामात मी अजूनही नावं काढते, आवाज पुसते. दुसरं काही करता येत नाही आणि करूही नये. पण कंस टाकताना हात अडतो. त्या कंसाच्या पलीकडे कुणीतरी ओलं फडकं घेऊन दाराशी उभं असेल, असं वाटतं. त्यांचा आवाज जगात आता फक्त त्या एका हाकेपुरता उरलाय, तोही आंटींच्या गळ्यात. आंटींचं ते नाव मी इथंही लिहीत नाही. ते तसं हाक मारून घेण्याचा हक्क एकाच माणसाला होता, आणि त्याला दिलेला शब्द अजून माझ्याकडे आहे.