तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही

सिंगापूरच्या मराठी मंडळींत जगदीश रामटेकेला एके काळी 'चावीवाला' म्हणत. चाव्याबिव्या तो काही करत नसे. नागपूरला इंजिनियरिंग शिकलेला, पाया लेबारच्या एका कंपनीत नेटवर्क सांभाळणारा सरळमार्गी माणूस. पण वीसेक वर्षांपूर्वी तो इथं आला तेव्हा नव्या डीव्हीडी प्लेअरनं त्याचा पहिल्याच आठवड्यात अपमान केला. नागपूरहून आणलेली तबकडी आत घातली, की पडद्यावर यायचं, 'चुकीचा प्रदेश.' चौकशी केल्यावर कळलं की सिनेमे विकणाऱ्यांनी जगाच्या नकाशाचे तुकडे पाडून प्रत्येकाला आकडा दिला आहे. सिंगापूर तीन, भारत पाच. पाचाची तबकडी तीनाच्या यंत्रात चालणार नाही. कारण काय, तर जी तबकडी पुण्यात दोनशे रुपयांना मिळते, तीच इथं तीस डॉलरला विकायची आहे, आणि ती स्वस्तातली कुणी बॅगेतून आणू नये.

जगदीशच्या डोक्यात तिडीक गेली. माणसाला पासपोर्ट लागतो हे त्यानं मान्य केलं होतं, गाण्यालाही लागतो हे त्याला पटेना. चार रात्री खटपट करून त्यानं शोधून काढलं की ट्रे उघडा ठेवून रिमोटवर ठरावीक आकडे दाबले की एक लपवलेला तक्ता उघडतो. त्यात शून्य दाबलं की यंत्र सगळ्या जगाचं होतं. मग काय, दर शनिवारी कुणी ना कुणी पिशवीत प्लेअर घालून मरीन परेडला जगदीशच्या घरी हजर. पद्माकरकाका म्हणून एक पुण्याचे मॅनेजर तर तीन वेळा आले, कारण दर वेळी त्यांचा नातू काहीतरी दाबून ठेवायचा. जगदीशनं कुणाकडून पैसे घेतले नाहीत. चिवड्याचे डबे मात्र इतके आले की बायकोला, राणीला, चिवड्याचा वास नकोसा झाला.

पुढे तबकड्या गेल्या, ॲप आली आणि चावीवाल्याला कुणी विचारेनासं झालं. जगदीशला त्याचं थोडं वाईट वाटायचं. तसं तो कबूल करत नसे, पण जेवताना विषय निघाला की रिमोटचे आकडे अजून तोंडपाठ असल्याचं ऐकवल्याशिवाय राहत नसे. मुलगी क्षिप्रा डोळे फिरवून, शेवटी 'ला' जोडणाऱ्या इथल्या इंग्रजीत म्हणायची, "बाबा, नोबडी यूज डीव्हीडी एनिमोअर ला."

गेल्या वर्षी जगदीशचे वडील गेले आणि यंदा जानेवारीत त्यानं आईला, शांताबाईंना, इकडे आणलं. लाँग टर्म पास काढला, समुद्राकडची खोली दिली, खाली लिफ्टजवळच्या बाकावर बसणाऱ्या दोन तमिळ आज्यांशी ओळख करून दिली. आईनं आता इथंच राहावं, नागपूरच्या घरात एकटीनं दिवस काढू नयेत, ही एकच गोष्ट त्याला हवी होती. आणि घोडं नेमकं तिथंच अडलं. तिसऱ्या दिवशी शांताबाईंनी फोनवर आपली मालिका लावली आणि पडद्यावर आलेलं वाक्य एकेक अक्षर लावून वाचलं, 'हा कार्यक्रम तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही.'

"माह्या प्रदेशात कसा नाही?" त्या म्हणाल्या. "माहा प्रदेश तर नागपूर आहे."

जगदीशनं इथल्या दरानं वर्गणी भरली. ती भारतातल्या दराच्या पाचपट होती आणि त्यात जगातलं सगळं होतं, ती एक मालिका सोडून. शांताबाई म्हणाल्या, मालिका नाही तर मी इथं संध्याकाळी करू काय? मले परत पाठव. त्या गमतीत बोलत नव्हत्या, हे जगदीशला कळत होतं.

त्यातून वाट काढली ती पंचफुलाबाईंनी. नागपूरच्या वस्तीतल्या भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारीण. विहारातली वंदना आटोपली की दोघींनी एकाच टीव्हीसमोर बसायचं, हा तीस वर्षांचा नेम. आता पंचफुलाबाई तिकडे मालिका बघायच्या आणि दुसऱ्या दिवशी फोन करून सगळी सांगायच्या. इथं संध्याकाळचे साडेसहा वाजले की शांताबाई ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठच्या बागेत बाकावर, समोर उभ्या असलेल्या जहाजांकडे तोंड करून, कानाला फोन लावून बसलेल्या दिसत. घरी आल्या की जेवताना तोच भाग पुन्हा राणीला आणि क्षिप्राला सांगत. मंजिरी नावाची बाई एका गावात खाणावळ चालवते, नवरा सोडून गेलाय, जाऊ कपटी आहे. क्षिप्राचा घास हातात राहायचा. "आजी, मंजिरी सो पुअर थिंग ला!" परत जायचा विषय बंद झाला आणि जगदीशचा जीव भांड्यात पडला.

तो खूश राहायला हवा होता. पण ऑक्टोबरात एका संध्याकाळी त्यानं आईला फोनवर विचारताना ऐकलं, "लुगडं कोणत्या रंगाचं होतं तिचं?" आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या सिंगापूरची यंत्रं उघडून देणारा माणूस, आणि त्याच्या आईला साडीचा रंग साडेतीन हजार किलोमीटरवरून विचारावा लागतो.

त्यानं कंबर कसली. ॲपला भारतातला फोन नंबर हवा होता, म्हणून आईचा नागपूरचा बंद पडलेला नंबर रिचार्ज करून जिवंत केला. भारतातून पैसे भरायला हवे होते, म्हणून बँकेचं जुनं खातं धुंडाळलं. फोन भारतातच आहे असं ॲपला भासवायची सोय केली. राणीनं विचारलं, "हे नियमात बसतं का?" तो म्हणाला, "नाही बसत," आणि पुढे काम चालू ठेवलं. आईला काहीच सांगितलं नाही. शनिवारी दुपारी कुलूप उघडलं तेव्हा त्यानं खरोखर टाळी वाजवली.

समोर मालिकेचे सगळे भाग ओळीनं आले. शेवटच्यावर लिहिलं होतं, 'अंतिम भाग', आणि तारीख होती चौदा जूनची.

आधी त्याला वाटलं, ॲप जुनं असेल. मग त्यानं तो भाग लावून पाहिला. मंजिरीचा नवरा परत आला होता, खाणावळीचं मोठं हॉटेल झालं होतं, कपटी जाऊ रडून माफी मागत होती, आणि सगळ्यांनी मिळून फोटो काढला. मालिका संपून चार महिने झाले होते. आणि काल संध्याकाळीच आई जेवताना पुढचा भाग सांगत होती.

गेल्या काही महिन्यांत जेवणाच्या टेबलावर ऐकलेलं एकेक त्याला आठवू लागलं. मंजिरीच्या कूलरची मोटर जळाली, तेव्हा तो हसला होता, की मालिकेतल्या बाईचा कूलर कसा बिघडतो. रेशनच्या दुकानात मंजिरीचा अंगठा मशीनवर उमटेना, म्हणून तिला तीन चकरा माराव्या लागल्या. टँकर आला त्या दिवशी तिच्या गुडघ्यानं दगा दिला. मुलगा हैदराबादला, त्याला सुट्टी मिळत नाही. आणि मागच्या आठवड्यात मंजिरी न्हाणीघरात घसरून पडली. दोन तास तिला उठता आलं नाही, दूधवाल्यानं हाक मारली तेव्हा कुठं सरपटत जाऊन तिनं दार उघडलं. ते ऐकून क्षिप्रा रडली होती.

पंचफुलाबाईंचा मुलगा धम्मानंद हैदराबादला होता. जगदीशचा तो शाळेतला मित्र. न्हाणीघरात कोण पडलं होतं, हे आता जगदीशला कुणी सांगायला नको होतं.

साडेसहाच्या आधीच तो ईस्ट कोस्टला पोचला. शांताबाई बाकावर फोन मांडीवर ठेवून बसल्या होत्या. तो शेजारी टेकला.

"आई, तुझी मालिका सापडली मला. इथं दिसते आता."

शांताबाईंनी मांडीवरचा फोन उलटा करून ठेवला.

"जूनमध्येच संपली ती."

"माहीत आहे मले," त्या म्हणाल्या. "तिनंच सांगितला शेवट. दुसऱ्या दिवशी फोन येणार नाही असं वाटलं होतं. पण आला. म्हणे, शांता, मंजिरीचं पुढं काय झालं ते ऐक. आता तिले मी कोणत्या तोंडानं म्हणू, की संपली म्हणून? ऐकून राहिली मी."

"आणि ते पडणं? पंचफुलामावशी पडली ना?"

"मंजिरी पडली."

"आई!"

"हे पाह्य बाबू, तिनं आपल्या तोंडानं 'मी पडली' म्हटलं नाही. जन्मात कोणाजवळ रडली नाही ते. मंजिरीच्या नावानं सांगते तर सांगू दे. मी विचारलं तर गप होईल, मंग मले काय कळणार?" शांताबाईंनी पदरानं चष्मा पुसला. "गुडघ्याचं ऑपरेशन आहे मंजिरीचं, पंधरा नोव्हेंबरले. जवळ कोणी नाही तिच्या."

जगदीशनं घाईनं सगळे उपाय पुढे केले. मी पैसे पाठवतो. एक बाई ठेवू दिवसरात्र. धम्मानंदला आजच फोन करून चांगलं झापतो. शांताबाईंनी त्याला पुरतं बोलू दिलं.

"तू धम्मानंदले झापशील, तो आईले झापेल, की गावभर कायले सांगत सुटली. त्यानं तिचा गुडघा बरा होईल का?" मग त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला. "तू माह्यासाठी खूप केलं बाबू. मले काही कमी नाही इथं. पण तुझे बाबा गेले त्या रात्री माह्या बाजूले कोण बसलं होतं, सांग बरं?"

जगदीश त्या रात्री विमानात होता. आईनं कायमचं इथं राहावं म्हणून त्यानं वर्षभर जे जे केलं, ते सगळं त्याला एकदम निरुपयोगी वाटलं, आणि आईचा रागही येईना. त्याला नुसतं रडू येत होतं. सायकलवाल्यांनी बघू नये म्हणून तो जहाजांकडे बघत राहिला.

मग त्यानं खिशातून फोन काढला आणि आईसाठी विमानाचं तिकीट शोधलं. नागपूर, मुंबईमार्गे, दहा नोव्हेंबर. परतीची तारीख कोणती, असं त्या पानावर विचारत होतं. त्यानं आईकडे पाहिलं, पण तेवढ्यात शांताबाईंचा फोन वाजला. त्यानं 'फक्त जाण्याचं' यावर बोट ठेवलं आणि पैसे भरले.

"जय भीम, पंचफुला," शांताबाई फोनवर म्हणत होत्या. "बोल, काय झालं काल मंजिरीचं? डॉक्टरकडं एकटीच गेली?" बराच वेळ त्या नुसत्या ऐकत राहिल्या. मग जगदीशनं पुढे धरलेल्या फोनवरची तारीख त्यांनी चष्म्यातून नीट वाचली, आणि म्हणाल्या, "आज इतकंच राहू दे, पंचफुला. बाकीचं तिकडं आल्यावर ऐकतो."