विणकराचा कापलेला हात

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी सोलापुरातल्या एका छोट्या बागेतला तो फायबरचा पुतळा मनातून जात नाही. मागावर बसलेला विणकर, हातात आडवा धागा नेणारा धोटा. एका सकाळी धोट्यासकट त्याचा उजवा हात मनगटापासून गायब झाला.

दहा वाजेपर्यंत बागेबाहेर मोठा जमाव जमला. "विटंबना झालीय, आरोपी ताब्यात द्या," एवढीच मागणी. काहींनी शेजारच्या वस्तीकडे बोट दाखवायला सुरुवात केली. मी बंदोबस्त लावला. तेवढ्यात रोज फिरायला येणाऱ्या एकाने खबर दिली, की सकाळी बागेच्या रखवालदाराच्या हातात करवत होती.

रखवालदाराला ठाण्यात आणलं. तीन तास चौकशी केली.

"फांद्या छाटायला घेतली हुती साहेब. मी कशाला हात कापू?"

तो पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला. मी आवाज चढवला, हेही लिहायला हवं.

पंचनाम्याचे फोटो पुन्हा पाहताना एक गोष्ट खटकली. कापलेल्या मनगटाला कापड गुंडाळून सुताने बांधलं होतं. फायबरची धार पोरांना लागू नये म्हणून. विटंबना करणारा एवढी काळजी घेत नाही. आमच्या महिला हवालदार विणकर घरातल्या. त्या म्हणाल्या, "सर, ही मागावरची गाठ आहे. तुटलेलं सूत असंच जोडतात."

मग एखाद्या विणकराने हा हात कशासाठी कापावा? बागेचं काम पाहणाऱ्या कार्यालयात विचारलं, पुतळ्याबद्दल कुणाची तक्रार होती का? कारकुनाने एकाच माणसाचे तीन अर्ज काढून दिले.

अर्जदार सत्तरी उलटलेले विणकर. घरी गेलो, तर तो हात पाटावर ठेवून ते त्याची बोटं कानशीने सुटी करत होते.

"का कापलात?"

"धोटा काय लाटणं हाय का साहेब, मूठ आवळून धरायला? बोटांवर तोलायचा असतोय. तीन अर्ज दिले. कुणी बघाया आलं न्हाय. नीट करून परत लावणार हुतो."

गुन्हा नोंदवला. त्यांनी सही केली. मग त्यांना जमावापुढे उभं केलं. त्यांनी धोटा धरून दाखवला. पुढे उभे असलेले म्हातारे विणकर माना डोलावू लागले. अर्ध्या तासात रस्ता मोकळा झाला.

कोणी केलं, हे मी तीन तास विचारत होतो. कशासाठी, हे विचारलं तेव्हा तासाभरात उलगडा झाला. पुढच्या प्रत्येक तपासात मी तिथूनच सुरुवात केली.

रखवालदाराची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. "असू द्या साहेब" असं तो म्हणाला नाही. करवत मागून घेतली आणि उरलेल्या फांद्या छाटायला निघून गेला.