रिकाम्या स्टुलावरची माणसं

लांबच्या प्रवासाला निघताना कॅमेऱ्यात कार्ड कुठलं घालता तुम्ही? हाताला येईल ते, खरं ना? टपरीवर टांगलेलं, आकडा सगळ्यात मोठा आणि भाव सगळ्यात कमी, ते. नाक मुरडू नका, सगळं जग तेच करतं. हनुवटीबाई मात्र तपासल्याशिवाय एकही कार्ड प्रवासाला नेत नसे, आणि त्याचा तिला भारी तोरा होता.

बाई पासपोर्ट फोटो काढायची. बाजाराच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालची एक खोली. एक स्टूल, स्टुलामागे पांढरा पडदा, दोन बाजूंना दोन दिवे, आणि दाराजवळ एक आरसा. त्यात बघून लोक केस सारखे करायचे आणि आहेत ते बिघडवायचे. समोर साहेब बसो की हमाल, बाईचा हुकूम एकच, "हनुवटी खाली!" गल्लीने मग तेच नाव ठेवलं. शाळा तिने अर्ध्यात सोडली होती. कॅमेरा मात्र स्वतः खोलून, बिघडवून, परत जोडून शिकली होती. जीभ तिखट. फोटो बघून कोणी म्हणालं, "मी असा दिसतो?" तर ती म्हणायची, "नाही हो, हा शेजारच्याचा आलाय."

घरात ती आणि तिची भावजय. धाकटा भाऊ खाणीवर कामाला गेलेला. खाण दूर, डोंगरापलीकडे. तिथे फाटकावरच मुकादम सगळ्यांचे फोन काढून घेई. म्हणे, कामात लक्ष राहत नाही. घरी बोलायचं तर रविवारी फाटकाजवळच्या खोलीतून, रखवालदाराच्या देखत. तरी एकदा रखवालदार बाहेर गेलेला बघून धाकटा घाईघाईने म्हणाला होता, "पोरांनी एक-दोन फोन लपवलेत, ताई. बराकीच्या भिंतीवर कोळशाने नावं लिहिलीत आम्ही. नावाखाली बसून एकमेकांचे फोटो काढलेत. उद्या काही झालं तर इथं होतो एवढं तरी दिसेल."

"काही झालं तर म्हणजे काय रे मेल्या?" ही खेकसली. तेवढ्यात रखवालदार आला असावा. धाकटा एकदम म्हणाला, "हो हो, जेवण चांगलं आहे."

तो शेवटचा रविवार. त्यानंतर फोन आला नाही. दोघी कंपनीच्या कचेरीत गेल्या. टेबलामागच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "या नावाचा माणूस आमच्याकडे कधी नव्हताच." माणूस मेला म्हणाले असते तर छाती पिटता आली असती. नव्हताच म्हटल्यावर बाईमाणसाने करायचं काय? जिच्या कपाटात त्याचे शर्ट लटकतायत, तिने ते कोणाचे म्हणायचे?

पाठोपाठ बातमी आली की कंपनी बराकी पाडणार. बाईने तिथल्या तिथे ठरवलं, त्याच्या आधी जायचं आणि भिंतीवरचं धाकट्याचं नाव कॅमेऱ्यात धरायचं. पुन्हा संधी नाही. म्हणून सगळी मदार कार्डांवर आली.

तिच्याकडे स्वतःची जुनी, लहान कार्डं होती, पण ती लवकर भरत. भावजयीने डब्यातून एक कार्ड काढून पुढे केलं. धाकट्याचंच. त्यात त्याचे हसरे, वेंधळे, अर्धे हललेले फोटो होते.

"वन्सं, हे पुसा आणि न्या. खात्रीचं आहे."

"ठेव ते आत," बाई गुरकावली. "त्याला शोधायला त्यालाच पुसून जाऊ होय?"

मग ती बाजारात जाऊन टपरीवाल्याशी हुज्जत घालून मूठभर नवी कार्डं घेऊन आली. चकचकीत पाकिटं, छापलेले आकडे भलेमोठे. टपरीवाला आईची शपथ घेत होता. बाई म्हणाली, "आईला कशाला त्रास देतोस? मी माझं बघून घेईन."

बघून घ्यायची तिची रीत होती. बोगस कार्डाची गंमत अशी, की ते भरल्यासारखं दाखवतं. फोटोंचे नंबर पुढे पुढे जातात, पण पोटात जागाच नसते. घरी येऊन उघडावं तर करडा चौकोन. कित्येकांची लग्नं अशी वाहून गेली. म्हणून बाई नवं कार्ड प्रवासाआधी काठोकाठ भरून बघायची. कॅमेरा तिकाटण्यावर लावायचा, समोर रिकामं स्टूल आणि पडदा, आणि आपोआप फोटो निघत राहतील असं बटण लावायचं. कार्ड भरलं की पहिल्यापासून एकेक तपासायचा. या रीतीने तिला कोणी कधी फसवलं नव्हतं.

त्या दुपारी तिने दार लोटून घेतलं. कॅमेरा आपला आपण वाजू लागला. खट्. थांबायचा. खट्. भावजय चहा घेऊन आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"कोणाचे काढताय?"

"कोणाचे नाही."

"तसं बोलू नका हो. कोणी नाही आणि फोटो चाललेत. अंगावर काटा येतो."

"चहा ठेव आणि काटे घरी घेऊन जा."

पण ती गेली नाही. दोघी चहा पीत बसल्या. पडद्याला वारा नव्हता, तरी त्याची एक घडी आत-बाहेर होत असल्यासारखी वाटत होती. बाईने उठून पंखा बघितला. बंद होता.

एकेक कार्ड भरून निघालं, तपासलं गेलं. काही ठीक, काही सरळ बोगस. शेवटचं बाईने कॅमेऱ्यातच मागे नेऊन पाहायला घेतलं. सुरुवातीचे फोटो झकास. स्टूल, पडदा, स्टूल, पडदा. मग एका फोटोत खालच्या बाजूला करडी पट्टी आली. "घ्या," बाई म्हणाली, "आईची शपथ गेली पाण्यात."

पुढचा फोटो. वर अर्ध्यापर्यंत तिचाच पांढरा पडदा, खाली मात्र तिची खोली नव्हती. रंग विचित्र, जांभळट-हिरवे, बुरशी आल्यासारखे. आणि स्टूल असायला हवं तिथे कोणीतरी बसलं होतं. छातीच्या खालचा भाग. गुडघे. गुडघ्यांवर ठेवलेले दोन पंजे. वर डोकं असायचं तिथे पडदा, स्वच्छ, इस्त्री केलेला.

बाईने बटण दाबलं. पुढच्या फोटोत पंजे वेगळे होते, जाड, एक बोट आखूड. आणखी पुढे अगदी कोवळ्या मनगटांचा कोणी. नंबर लागल्यासारखा एकेक जण येऊन बसत होता आणि उठून जात होता, आणि डोकं एकालाही नव्हतं. आयुष्यभर लोकांच्या हनुवट्या खाली करणाऱ्या बाईच्या समोर ही रांग बसलेली, आणि सांगायला हनुवटीच नाही. तिने नकळत मान वर करून समोरच्या स्टुलाकडे बघितलं. स्टूल रिकामं होतं. रिकामं असल्याने तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"थांबा," भावजय म्हणाली. "एक मागे घ्या."

बाईने मागे घेतलं. भावजय इतकी वाकली की तिच्या श्वासाने काच धुरकटली. डाव्या गुडघ्याला ठिगळ होतं. ठिगळावर पानांची नक्षी, पण पानं देठ वर आणि टोक खाली.

"उलटं," ती पुटपुटली. "उशीच्या अभ्र्यातून कापलं होतं मी. घाईत उलटं लागलं. हे म्हणाले, बघ, माझ्या गुडघ्यावर पानगळ सुरू झाली. वन्सं, हे... हे आहेत."

बाईने तोच फोटो मोठा करायला बटण दाबलं. स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि करडा चौकोन आला. पुन्हा दाबलं, करडा. बाईने कार्ड काढलं आणि पायात चप्पल आहे की नाही हेही न बघता मोबाईल रिपेअरवाल्याकडे धावली.

रिपेअरवाला गल्लीच्या टोकाला बसायचा. डोळ्याला भिंग लावून त्याने कार्डाचं कवच उचकटलं. "खोका नवा, पोट जुनं," तो म्हणाला. "भंगारात फोन वजनावर जातात, ताई. त्यातली चिप काढतात, वर मोठा आकडा छापतात, झालं नवं कार्ड. मालक फोटो पुसतो तेव्हा फक्त दारावरची पाटी पुसली जाते. आतलं सामान तसंच पडून असतं."

"मग काढ ना ते सामान!"

"काढतो. पण तुम्ही यात काही भरलंत का?"

"काठोकाठ," बाई म्हणाली.

"कोरं आणलं असतंत तर जवळजवळ सगळं निघालं असतं," तो खाली मान घालून म्हणाला. "वर भरलंत ना, तेवढं गेलं. आता कडेकडेचं उरलंय."

फाटकावर काढून घेतलेले फोन कुठे गेले, ते आता बाईला कळलं. लपवलेला फोनही मुकादमाला सापडला असणार, आणि मुकादमाने तोही भंगारात फुंकला असणार. ती माणसं गल्लीबोळांतून, टपरीच्या खिळ्यावर टांगून, तिच्या दारापर्यंत आली होती. आणि तिने काय केलं? आपल्या हुशारीने, आपल्या नामी रीतीने, त्यांच्या चेहऱ्यांवर एकेक करून पांढरा पडदा ओढला. मेलेल्यावर ओढतात तसा. धाकट्याचं तोंड कंपनीने पुसलं नव्हतं. ते बहिणीने पुसलं होतं. गल्लीला जिचे ओरडे माहीत होते ती बाई तिथल्या लाकडी बाकावर मुकाट बसून राहिली, आणि रिपेअरवाल्याने तिला एकदाही ऊठ म्हटलं नाही.

गुडघा मात्र निघाला. जांभळट, ठिगळासकट. बाई त्याची छापील प्रत घेऊन कचेरीत गेली. टेबलामागच्या माणसाने ती उलटसुलट करून बघितली. "गुडघ्याला नाव नसतं, बाई," तो म्हणाला. "याच फोटोतला चेहरा आणा."

दोघी तरी खाणीवर गेल्या. बाईने गळ्यात कॅमेरा अडकवला आणि त्यात घातलं ते तिचं जुनं, लहान कार्ड. बराकी अजून उभ्या होत्या. रखवालदाराने मुकाट्याने दार उघडलं, तेव्हाच तिला संशय आला. आत चुन्याचा वास नाकात भरला. चारही भिंती नुकत्या रंगवलेल्या, ओल्या, पांढऱ्याफेक. उद्या पाडायच्या भिंतीला आज चुना कोण लावतं?

"पाहा," रखवालदार म्हणाला. "इथं कोणी राहत नव्हतं."

बाईने कॅमेरा भिंतीवर रोखला. समोर नुसता पांढरा रंग. आणि त्या पांढऱ्यावर, बसलेल्या माणसाचं डोकं येईल एवढ्या उंचीवर, एक पिवळा चौकोन उमटला. थरथरला आणि स्थिरावला.

भावजय कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनमध्ये डोकावत होती. "हे काय?"

"चेहरा सापडला की कॅमेरा असा चौकोन दाखवतो."

"मग सापडला?"

चौकोन शेजारी सरकला. मग आणखी शेजारी. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेका जागी थांबत गेला, आणि ती प्रत्येक ठिकाणी खटका दाबत गेली, कार्ड भरेपर्यंत. घरी येऊन पाहिलं तर सगळीकडे चुना. कॅमेऱ्याचा दोष म्हणा, ओल्या भिंतीवरची चमक म्हणा. भावजय ते पांढरे फोटो रोज एकदा पाहते.

दुसऱ्या दिवशी बराकी पाडल्या. आता धाकट्याचं नाव भिंतीवर नाही, कचेरीत नाही, आणि नावाखालचा त्याचा चेहरा बाईच्या कार्डात नाही. पण लपवलेल्या एका फोनवरून दुसऱ्यावर त्या पोरांनी फोटो पाठवले असणार, आणि तो दुसराही फाटकावरच्या ढिगात गेला असणार. त्या ढिगाची कार्डं झाली आहेत आणि ती टपऱ्यांवर लटकली आहेत. कोणीतरी ती घेतली आहेत, फिरायला जाताना, बारक्याच्या वाढदिवसाला, स्वस्त मिळाली म्हणून. बाई आता दर आठवड्याला टपऱ्या पालथ्या घालते. कार्डं घेते आणि एकही भरत नाही. पण ती एकटी आहे आणि बाजार अफाट आहे.

तेव्हा एवढं करा. भलामोठा आकडा छापलेलं, स्वस्तात घेतलेलं कार्ड घरात पडलं असेल, तर त्यात एकही फोटो काढू नका. तपासूही नका. कागदात गुंडाळून हनुवटीबाईच्या जिन्याखालच्या खोलीत आणून द्या. ती बदल्यात तुम्हाला नवं, खात्रीचं देईल.